पैज, पाऊल आणि वर्गणी : कर्करोगासाठी काढलेल्या दीर्घ पदयात्रांचा इतिहास

एखाद्या माणसाने शेकडो किलोमीटरचे अंतर पायी तोडायचे, त्या चालण्याच्या नावाने आप्तेष्टांकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी लोकांकडून पैसे जमवायचे आणि ती रक्कम कर्करोगाच्या संशोधनाला किंवा रुग्णसेवेला द्यायची, ही प्रथा ब्रिटन, कॅनडा, अमेरिका या देशांत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील मूळचे नवल तेथील लोकांनाही जाणवेनासे झाले आहे. वास्तविक चालणारा चालून काहीच उत्पन्न करत नसतो. त्याच्या पावलांनी विहीर खोदली जात नाही की रस्ता बांधला जात नाही. आणि देणाऱ्याच्या मनात द्यायचे असेलच तर कोणी एक पाऊल न टाकताही त्याला देता येते. तरीही अंतर जितके लांब, वाट जितकी खडतर आणि चालणारा जितका थकलेला, तितके लोक अधिक देतात. अंतर आणि पैसा यांची ही सांगड कोठून आली, आणि सर्व आजारांमध्ये ती कर्करोगाशीच इतकी घट्ट का जुळली, या दोन प्रश्नांचा मागोवा घेऊ लागले की पहिला धागा दानधर्माच्या परंपरेकडे जात नाही. तो जाऊन पोहोचतो तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडच्या पैजांपाशी.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘पेडेस्ट्रियनिझम’ नावाचा एक खेळच होता. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पायी पुरे करण्याची पैज लावणे आणि बघ्यांनी त्यावर आपापसांत आणखी पैजा मारणे, असे त्याचे स्वरूप होते. या खेळातील सर्वांत गाजलेली पैज कॅप्टन रॉबर्ट बार्कले या स्कॉटिश जमीनदाराने १८०९ साली जिंकली. लागोपाठ १,००० तास, प्रत्येक तासाला १ मैल, असे १,००० मैल चालायचे आणि त्यावर १,००० गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) जिंकायच्या किंवा हरायच्या, अशी ती अट होती. १ जून ते १२ जुलै या काळात न्यूमार्केटच्या माळरानावर आखलेल्या अर्ध्या मैलाच्या पट्ट्यावर बार्कले जात-येत राहिला. एका मैलाला पंधरा-वीस मिनिटे लागत असल्याने वरवर पाहता ही गोष्ट सोपी वाटते. परंतु दर तासाला उठावे लागणे म्हणजे सहा आठवडे सलग झोप न मिळणे होय. त्यावर बार्कलेने काढलेला तोडगा असा, की एका तासाचा मैल त्या तासाच्या अगदी शेवटी चालायचा आणि त्याला लागूनच पुढच्या तासाचा मैल सुरुवातीलाच उरकून टाकायचा, म्हणजे मध्ये जवळजवळ दीड तासाची विश्रांती हाती लागते. अखेरच्या दिवसांत त्याला नुसते उभे राहणेही कठीण झाले होते, आणि तरी तो चालला. माळावर जमलेल्या हजारो लोकांचे डोळे त्या माणसाच्या पायांवर खिळलेले होते, कारण त्या पायांवर त्यांचा पैसा लागलेला होता. पुढे दोनशे वर्षांत या व्यवहारातील जवळजवळ सर्व काही बदलले. मात्र दुसऱ्याच्या पायांकडे असे जीव टांगून पाहणे कायम राहिले.

अमेरिकेत हीच परंपरा एडवर्ड पेसन वेस्टन याने पुढे नेली. १८६० च्या निवडणुकीत लिंकन हरेल अशी पैज तो हरला आणि अटीप्रमाणे १८६१ साली त्याला नव्या अध्यक्षाच्या शपथविधीसाठी बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत, म्हणजे सुमारे ४७८ मैल, पायी जावे लागले. शपथविधी हुकला, तो काही तासांनी पोहोचला. पण वर्तमानपत्रांनी त्याचा माग वाटेवरच्या प्रत्येक गावातून काढला आणि लांब पल्ल्याचे चालणे ही छापण्याजोगी बातमी ठरली. १८७०च्या दशकात लंडनच्या इस्लिंग्टन भागातील अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये सहा-सहा दिवस चालणाऱ्या शर्यती भरू लागल्या. सहाच दिवस, कारण सातवा दिवस रविवार आणि त्या दिवशी खेळ निषिद्ध. प्रथेच्या इतिहासाच्या दृष्टीने याहून मोलाचा ठरतो तो वेस्टनचा १८८३-८४ मधील इंग्लंडचा दौरा. रविवार वगळून रोज ५० मैल, असे १०० दिवसांत ५,००० मैल तो चालला आणि ते चर्च ऑफ इंग्लंडच्या मद्यपाननिषेधी संघटनेसाठी. संध्याकाळी चालणे आटोपले की तो दारूविरुद्ध व्याख्यान देई. पैजेवर चालणारे पाय एका कार्यासाठी चालू लागले, ते येथे. या चालण्याला अजून वर्गणीचा दर मात्र लागलेला नव्हता.

तो दर लागला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनच्या मुख्य भूमीचे ईशान्य टोक जॉन ओ’ग्रोट्स आणि नैर्ऋत्य टोक लँड्स एंड यांच्यामधील सुमारे ८७४ मैलांची, म्हणजे साधारण १,४०० किलोमीटरची, वाट १९६०च्या हिवाळ्यात डॉ. बार्बरा मूर या शाकाहाराच्या पुरस्कर्त्या स्त्रीने २३ दिवसांत पायी पुरी केली. त्याचा इतका बोलबाला झाला की सुट्टीच्या शिबिरांचे उद्योजक बिली बटलिन यांनी लगोलग त्याच वाटेवर शेकडो स्पर्धकांची बक्षिसी शर्यत भरवली. या गाजावाजाने ती वाट सर्वसामान्यांच्या कल्पनेत शिरली. त्याच दशकात जगातील भूकबळींसाठी निधी जमवणाऱ्या संस्थांनी प्रायोजित पदयात्रेची पद्धत बसवली. कॅनडाच्या शताब्दी वर्षात, १९६७ साली, ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने निघालेल्या पदयात्रांमध्ये शाळकरी मुले मोठ्या संख्येने सहभागी झाली. अमेरिकेत १९६९ मध्ये नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे अशीच यात्रा निघाली. आणि १९७० पासून, पोलिओविरोधी कामातून उभ्या राहिलेल्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने जन्मजात व्यंगांच्या प्रतिबंधासाठी हा मार्ग धरला.

या पद्धतीचे सगळे यंत्र एका साध्या कागदात सामावलेले होते आणि तो कागद जवळून पाहण्यासारखा आहे. वर चालणाऱ्याचे नाव, खाली आडव्या रेघा आणि उभे रकाने. पहिल्या रकान्यात देणाऱ्याचे नाव व पत्ता, दुसऱ्यात मैलामागे किती देणार तो दर, तिसऱ्यात चाललेले मैल, चौथ्यात गुणाकार आणि पाचव्यात पैसे मिळाल्याची खूण. मुलगा किंवा मुलगी हा कागद घेऊन आधी दारोदार फिरे, मग यात्रेच्या दिवशी चालताना वाटेतील नाक्यानाक्यावर आपल्या पत्रिकेवर शिक्का मारून घेई, आणि नंतर तो शिक्क्यांचा पुरावा दाखवत वसुलीसाठी पुन्हा तीच दारे वाजवी. पैजेचे सर्व अवयव, म्हणजे अंतर, दर, साक्षीदार आणि वसुली, या कागदावर जसेच्या तसे उतरलेले दिसतात. बदलली आहे ती त्यांची दिशा. पैजेत चालणारा जिंकला की समोरच्याचे नुकसान होते, म्हणून तो हरावा अशी कोणाची तरी मनोमन इच्छा असते; येथेही चालणारा जितका पुढे जाईल तितका देणाऱ्याचा खिसा हलका होतो, पण देणाऱ्याने ते नुकसान आधीच आनंदाने पत्करलेले असते आणि तरी तो चालणाऱ्याला आणखी एक मैल चाल म्हणून हाक देतो. जुगाराचा सांगाडा तसाच ठेवून त्यातील लोभ तेवढा काढून टाकण्याची ही किमया कोणा एका विचारवंताच्या नावावर नाही, आणि कदाचित म्हणूनच तिची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

मराठी वाचकाला येथे विनोबा भावे यांच्या भूदान पदयात्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले १०० एकरांचे दान मिळाल्यानंतर विनोबा सुमारे तेरा वर्षे देशभर चालत राहिले आणि लाखो एकर जमिनीची दानपत्रे त्यांच्याकडे जमा झाली. दोन्हीकडे चालणे आणि मागणे आहे. परंतु विनोबांच्या पावलांना दर नव्हता. ते चालत होते ते गावापर्यंत पोहोचण्यासाठी आणि देणाऱ्याच्या दारात समोरासमोर उभे राहण्यासाठी. ते किती कोस चालले यावर दानाचा आकडा ठरत नव्हता. पंढरीच्या वारीतही पाऊल हेच अर्पण असते, त्याचे मोल लावले जात नाही. पाश्चात्त्य पदयात्रेचे वेगळेपण या तुलनेत उठून दिसते : तिथे पाऊल हे माप आहे, आणि ते माप पैजेच्या बाजारातून आलेले आहे.

हे माप कर्करोगाच्या हाती येण्यापूर्वी त्या आजाराभोवतीची शांतता मोडणे आवश्यक होते. डोनाल्ड ओकेन या डॉक्टरने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शिकागोतील एका रुग्णालयाच्या २०० हून अधिक डॉक्टरांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी, आपण कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगण्याचे टाळतो, असे उत्तर दिले होते. घरातील मोठ्या माणसांना बाजूला घेऊन कानात सांगावयाचा, मृत्यूच्या बातमीतही ‘दीर्घ आजार’ अशा शब्दांआड लपवायचा असा हा रोग होता. त्याच प्रश्नावर १९७९ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा मात्र ९७ टक्के डॉक्टर रुग्णाला निदान सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत वैद्यकाच्या वागणुकीत घडलेली ही जवळजवळ संपूर्ण उलथापालथ उपचारांच्या प्रगतीशी जोडलेली होती. ज्या आजारावर काही करता येते, त्याचे नाव उच्चारता येते. निधी गोळा करणाऱ्यांना लपवलेल्या रोगासाठी मागता येत नाही. त्यासाठी एक चेहरा लागतो. बोस्टनमध्ये कर्करोगतज्ज्ञ डॉ. सिडनी फार्बर यांच्या रुग्णालयासाठी १९४८ मध्ये रेडिओवरून आवाहन झाले तेव्हा रुग्ण मुलाला ‘जिमी’ हे टोपणनाव देण्यात आले आणि त्या आवाहनाने लाखो डॉलर उभे केले. पण त्या मुलाचे खरे नाव पुढे पन्नास वर्षे लोकांना ठाऊक नव्हते. आवाज ऐकू आला होता, माणूस अजून पडद्याआड होता.

तो पडदा दूर सारून रुग्ण स्वतःच रस्त्यावर आला, तो कॅनडात, १९८० साली. टेरी फॉक्स हा ब्रिटिश कोलंबियातील पोर्ट कोक्विटलम गावचा विद्यार्थी अठरा वर्षांचा असताना त्याच्या उजव्या गुडघ्यात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडात उद्भवणारा कर्करोग, आढळला आणि मार्च १९७७ मध्ये त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याला एक मासिक दाखवण्यात आले, त्यात कृत्रिम पाय लावून १९७६ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्याविषयी लेख होता. त्यानंतरचे सोळा महिने टेरीने रसायनोपचार घेतले; म्हणजे कर्कपेशी मारणारी आणि त्यासोबत केस, भूक व शक्ती हिरावून नेणारी औषधे. या काळात त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक, वॉर्डातील आजूबाजूच्या रुग्णांचे हाल. दुसरी, डॉक्टरांनी त्याला सांगितलेला हिशेब : त्याच्या जगण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास होती, आणि दोनच वर्षांपूर्वी तोच आजार झाला असता तर ती १५ टक्केच राहिली असती. संशोधनासाठी दिलेला पैसा माणसाच्या आयुष्यात कसा उतरतो, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवावे लागले नाही; त्या फरकामुळे तो स्वतः जिवंत होता.

टेरी फॉक्स चालला नाही, धावला. तरीही पदयात्रेच्या इतिहासात त्याला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते, कारण त्यानंतरच्या अनेक चालणाऱ्यांनी आदर्श म्हणून त्याच्याकडे पाहिले. शिवाय त्याच्या धावण्याला नेहमीचे धावणे म्हणणेही अपुरे आहे. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला होता. धावताना त्याचा खालचा भाग मागून पुढे यायला वेळ लागे, म्हणून तेवढ्या अवकाशात टेरीला चांगल्या पायावर दोनदा उसळी घ्यावी लागे. डाव्या पायावर दोन ठोके, उजव्यावर एक, असा त्याचा लंगडता ताल होता, आणि प्रत्येक उसळीला कापलेल्या पायाचा खुंट कृत्रिम पायाच्या खोबणीत घासला जाऊन सोलवटे. पूर्वतयारीच्या चौदा महिन्यांत तो अशा तऱ्हेने ५,००० किलोमीटरहून अधिक धावला होता. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून, आणि त्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेऊन, त्याने ‘मॅरेथॉन ऑफ होप’, म्हणजे आशेची मॅरेथॉन, सुरू केली. एक बाटली आठवण म्हणून ठेवायची आणि दुसरी देशाच्या पलीकडच्या टोकाला पॅसिफिकमध्ये रिती करायची, असा बेत होता. मित्र डग आल्वर्ड व्हॅन चालवी आणि टेरी पहाटे अंधारातच उठून रोज सुमारे ४२ किलोमीटर कापी.

सुरुवातीचे आठवडे एकाकी गेले. पाऊस, हिमवादळ, कडेने घासून जाणाऱ्या गाड्या आणि क्वेबेकमधील रिकामे रस्ते. मात्र न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्क या सुमारे १०,००० वस्तीच्या गावाने त्याला १०,००० डॉलरहून अधिक दिले, आणि माणशी एक डॉलर हे माप पुढे सगळ्या देशाला लागू झाले : कॅनडाच्या २ कोटी ४० लाख लोकांकडून तितकेच डॉलर. फोर सीझन्स हॉटेल्सचे संस्थापक इसाडोर शार्प यांनी, ज्यांचा तरुण मुलगा १९७८ साली त्वचेच्या कर्करोगाने गेला होता, मैलामागे २ डॉलर देऊ केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसेच करण्याचे आवाहन केले. शाळकरी पोरांच्या कागदावरचा मैलाचा दर असा कंपन्यांच्या हिशेबवहीत जाऊन बसला. टेरीने मात्र स्वतःच्या नावावर कोणाची जाहिरात होऊ दिली नाही आणि स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही. टोरांटोत पोहोचेपर्यंत हजारो लोक चौकात वाट पाहत होते; आखूड चड्डीत, कृत्रिम पाय पूर्ण उघडा ठेवून धावणाऱ्या त्या मुलाकडे पाहताना कर्करोग या शब्दाला प्रथमच घामेजलेला, हसणारा, चालता-बोलता चेहरा मिळाला. त्या पायावर काही झाकलेले नव्हते, ही गोष्ट जमलेल्या रकमेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

१ सप्टेंबर १९८० रोजी ऑंटॅरिओतील थंडर बे शहराजवळ, १८ मैल धावून झाल्यावर, त्याला खोकला आणि छातीत कळा सुरू झाल्या. रस्त्याच्या कडेला लोक उभे होते आणि त्याला धीर देत होते, म्हणून तो शेवटचा माणूस मागे पडेपर्यंत धावला आणि मगच व्हॅनमध्ये चढला. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. पुढल्याच आठवड्यात दूरचित्रवाणीवरील एका प्रदीर्घ कार्यक्रमात १ कोटी डॉलरच्या वर निधी जमला आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत माणशी एक डॉलरचा आकडा पार झाला. २८ जून १९८१ रोजी, तेवीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला असताना, टेरी गेला. त्या सप्टेंबरात शार्प यांच्या पुढाकाराने झालेल्या पहिल्या ‘टेरी फॉक्स रन’मध्ये सुमारे ३ लाख लोक धावले किंवा चालले. या उपक्रमात आजही वेळ नोंदवली जात नाही, क्रमांक दिले जात नाहीत, बक्षिसे नसतात. पैजेच्या वंशात जन्मलेल्या प्रथेने हार-जीत इतक्या पूर्णपणे सोडून दिल्याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. या मार्गाने कर्करोग-संशोधनासाठी आजवर ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे.

टेरीची अर्धी राहिलेली वाट स्टीव्ह फोनियो या तरुणाने पुरी केली. लहानपणी कर्करोगामुळे डावा पाय गमावलेला फोनियो ३१ मार्च १९८४ रोजी सेंट जॉन्सहून निघाला आणि ७,९२४ किलोमीटर पार करून २९ मे १९८५ रोजी व्हिक्टोरिया येथे पॅसिफिकला पोहोचला. त्याच १९८५ च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये इंग्लंडचे क्रिकेटपटू इयान बोथम जॉन ओ’ग्रोट्सहून दक्षिणेकडे चालू लागले. मुंबईकरांच्या स्मृतीत बोथम आहेत ते फेब्रुवारी १९८० मधील वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीतील ११४ धावा आणि १३ बळींसाठी. ब्रिटनमधील असंख्य कुटुंबांना मात्र ते आठवतात या चालण्यासाठी. १९७७ मध्ये पायाच्या दुखापतीवर उपचारांसाठी टॉन्टन येथील मस्ग्रोव्ह पार्क रुग्णालयात गेले असता बोथम यांना मुलांच्या वॉर्डात हसती-खेळती मुले दिसली, आणि त्यांतील काही थोड्याच दिवसांची सोबती आहेत असे सांगण्यात आले. त्यांना ल्यूकेमिया होता. म्हणजे अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होऊन निरोगी रक्त तयारच होऊ न देणारा रक्ताचा कर्करोग.

हा आजार निवडला जाण्यात वैद्यकीय काळाचेही गणित होते. एकेकाळी काही आठवड्यांत मुलाला संपवणाऱ्या या रोगात अनेक औषधे एकत्र व दीर्घकाळ देण्याच्या पद्धतीने १९६०-७०च्या दशकांत प्रथमच कायमचे बरे होणारे रुग्ण दिसू लागले होते आणि प्रत्येक नव्या चाचणीगणिक त्यांची संख्या वाढत होती. मुलांमधील ल्यूकेमियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात आज सुसज्ज देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. पैसा ओतावा आणि फळ डोळ्यांसमोर दिसावे, अशी ती वेळ होती. बोथम ३६ दिवस चालले, ते दमदार आणि वेगवान चालीने, इतके की काही मैल सोबत करू म्हणून आलेल्यांची दमछाक होई. मैलाच्या दराचे कागद येथे मागे पडले. स्वयंसेवक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन धावत आणि दुकानदार, शाळांतील मुले, थांबलेल्या गाड्यांतील चालक त्यांत नाणी टाकत. या पहिल्या यात्रेत ८ लाख पौंडांहून अधिक जमले. १९८८ मध्ये बोथम यांनी हॅनिबलच्या प्राचीन मोहिमेची आठवण करून देत हत्तींसह आल्प्स पर्वत ओलांडला, नंतरही ते अनेकदा चालले, आणि २००७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला तो क्रिकेटइतकाच या दानकार्यासाठी.

यानंतरचा टप्पा स्त्रियांनी घडवला. स्तनाचा कर्करोग हा दुहेरी मौनाचा विषय होता, एक रोगाचे मौन आणि दुसरे अवयवाचे. अमेरिकेत बहिणीच्या मृत्यूनंतर नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८२ मध्ये संस्था स्थापून १९८३ साली डॅलस येथे पहिली ‘रेस फॉर द क्युअर’ घेतली. ब्रिटनमध्ये नीना बॅरो १९९६ मध्ये काही मैत्रिणींसह सजवलेल्या अंतर्वस्त्रांत न्यूयॉर्क मॅरेथॉन चालल्या. परतल्यावर थोड्याच काळात त्यांना स्वतःलाच स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आणि १९९८ पासून लंडनमध्ये मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी ‘मूनवॉक’ भरू लागली. जे वस्त्र आणि जो अवयव लपवायचा, तोच हजारो स्त्रियांनी भर रस्त्यात सजवून मिरवणे, याला केवळ करमणूक समजणे अन्यायाचे होईल. टेरीच्या उघड्या पायाचीच ती पुढची पायरी होती.

याच वर्षी, १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियात एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या नावाने तीन दिवसांची, सुमारे ६० मैलांची पदयात्रा सुरू झाली आणि तिच्यासोबत एक वादही आला. आयोजन डॅन पॅलोटा यांच्या व्यावसायिक कंपनीकडे होते; चालणाऱ्याने ठरावीक किमान रक्कम जमवलीच पाहिजे अशी अट होती; तंबू, भोजन, फिरते स्नानगृह, जाहिराती यांवरचा खर्च मोठा होता. खर्च मोठा म्हणूनच निधीही मोठा, असे पॅलोटा यांचे म्हणणे. देणाऱ्याचा पैसा रुग्णापर्यंत किती पोहोचतो, असा टीकाकारांचा प्रश्न. २००२ साली करार तुटला आणि पॅलोटा यांची कंपनी बंद पडली. पॅलोटा यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि किमान रकमेच्या अटीने झालेले नुकसान हिशेबात दिसत नाही. ज्याच्या ओळखीत पैसेवाले नाहीत त्याचे पाय कितीही खंबीर असले तरी त्याला या यात्रेत जागा उरली नाही, आणि कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या शाळकरी मुलापासून ही प्रथा दूर गेली.

मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनमधून कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थाही निधी उभारतात; परंतु लांब पल्ला चालून कर्करोगासाठी वर्गणी मागण्याची रीत महाराष्ट्रात फारशी रुजली नाही. महाराष्ट्राने कर्करोगासाठी जी पायपीट केली ती निराळ्या जातीची होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या ग्रामीण कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मृती रुग्णालयाच्या सहकार्याने, १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे एका निश्चित प्रदेशातील प्रत्येक नव्या कर्करुग्णाचे पद्धतशीर टिपण. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. खेड्यातील रुग्ण अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांमध्ये कार्यकर्ते पुन्हापुन्हा फिरले, बायकांशी अंगावरून जाण्याविषयी, गाठींविषयी, न भरणाऱ्या तोंडातील जखमांविषयी बोलले आणि लक्षणे दिसणाऱ्यांना तपासणीला घेऊन आले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे आधीच्या अवस्थेत सापडू लागला. या पावलांवर कोणी दर लावला नव्हता. ती पावलेच उपाय होती.

१९८५ च्या मे महिन्यात, फोनियो पॅसिफिकपाशी पोहोचण्याच्या बेतात असताना, अमेरिकेतील टॅकोमा शहरात गॉर्डी क्लॅट हे मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एका विद्यापीठाच्या धावपट्टीवर २४ तास फेऱ्या मारत होते. ८३ मैल झाले. मित्रांनी २५ डॉलर देऊन त्यांच्यासोबत अर्धा-अर्धा तास चालण्या-धावण्याचा मान घेतला. २७,००० डॉलर जमले. पुढल्या वर्षी १९ गट आले, रात्रभर आळीपाळीने चालले, आणि ‘रिले फॉर लाइफ’ या नावाने ही पद्धत अनेक देशांत पसरली. न्यूमार्केटच्या माळावर बार्कले ज्या तऱ्हेने जात-येत राहिला होता त्याच तऱ्हेचे हे चालणे आहे. कोठेही न पोहोचणारे. पहिली फेरी कर्करोगातून उठलेले लोक घालतात आणि कडेला उभे असलेले टाळ्या वाजवतात. अंधार पडला की धावपट्टीच्या कडेने कागदी पिशव्या मांडल्या जातात. तळाशी वजनासाठी मूठभर वाळू, वाळूत खोचलेली मेणबत्ती आणि बाहेरच्या बाजूला हाताने लिहिलेले एक नाव. दिवे विझवून सगळे एक फेरी न बोलता चालतात, आणि नंतर रात्रभर प्रत्येक फेरीत आपल्या माणसाच्या नावाची पिशवी आली की पाय थोडे मंदावतात.